निघायच्या दिवशीचं बीपी

टेलरबाई जिवाच्या आकांतानं मशीन मारत होती. पाय वरखाली, चाक गरगर, सुई खटखट. घाम कपाळावरून निघून हनुवटीवर लोंबकळत होता, पण थांबायचं नाव नाही.

"काय शिवतेयस गं एवढं?" दारातून आवाज आला.

हेडबाई आली होती. शाळेतून निवृत्त झालेली मुख्याध्यापिका. नोकरी सुटली, पण समोरच्याकडे गृहपाठ तपासल्यासारखं बघायची सवय काही सुटली नव्हती.

"उशीचे अभ्रे," टेलरबाई धापा टाकत म्हणाली.

हेडबाईनं चष्मा नाकावर सरकवला आणि वाकून पाहिलं. "सुईत दोरा कुठाय?"

पाय थांबले.

"आणि कापड?"

"अगं, ते..."

"आज सिस्टर लेकीकडे निघालीय आणि तू सकाळी सकाळी हवा शिवतेयस?"

टेलरबाईनं मान खाली घातली.

तिघींनी पन्नाशी कधीच मागे टाकली होती. तिघीही आपापल्या घरात एकट्या. टेलरबाईचं दुकान उघडायच्या आधी रोज इथं जमायच्या. सिस्टर दवाखान्यातून निवृत्त झालेली. ती सगळ्यांच्या दंडाला पट्टा बांधून बीपी बघायची आणि गोळ्या घेतल्या का म्हणून दरडावायची. हेडबाई कवायत घ्यायची, गुडघे कुरकुरले तरी सुट्टी नाही. टेलरबाई चहा करायची आणि कुणाचा झगा सैल झाला, कुणाचा घट्ट, हे टेप न लावता ओळखून न सांगता दुरुस्त करायची. हेडबाई एकदा न्हाणीघरात पडली आणि संध्याकाळपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. तेव्हापासून सिस्टरनं नियमच केला होता: जिचं बीपी चढेल तिला एकटं सोडायचं नाही. उतरेपर्यंत सिस्टर तिच्याकडेच मुक्कामाला.

"गेल्या खेपेलाही तुला नेमकी निघायच्या दिवशी चक्कर आली," हेडबाई म्हणाली. "त्याआधी धडधड. मी मेली रडले तेव्हा तुझ्यासाठी! अगं, नातीला तिनं अजून मांडीवर घेतलेलं नाही. पोरगी मोबाइलच्या काचेतच मोठी होतेय."

टेलरबाईची नजर खुंटीवरच्या पिवळ्या फ्रॉककडे गेली. कापड सिस्टरनं निवडलं होतं, माप अंदाजानं घेतलं होतं. प्रत्येक वेळी जाणं रद्द झालं की टेलरबाई खालची दुमड उसवून फ्रॉक थोडा वाढवायची. आता उसवायला दुमडच उरली नव्हती.

"एकटं राहायची भीती वाटते तर तसं सांग ना सरळ. स्वार्थी कुठली!"

टेलरबाई एवढंच म्हणाली, "तिला सांगू नकोस."

तेवढ्यात सिस्टर आत शिरली. हातात बॅग, पायात करकरणाऱ्या नव्या चपला, आणि चेहरा असा की आरशालाही हसू यावं.

"चपला चावतायत गं, पण चावू देत! नात ओळखेल ना मला? का रडेल बघून?"

"रडेल आणि मग चिकटेल," हेडबाई म्हणाली.

"लेक काल म्हणाली, ये गं आई, वाट बघते." सिस्टरनं फ्रॉक खुंटीवरून काढला, गालाला लावला. मग टेलरबाईकडे वळली. "आणि हो, तुझी चौकशी आधी हं! मावशीची तब्येत कशी आहे, बीपी कसं आहे. बघ किती जीव आहे पोरीचा तुझ्यावर. चल, हात दे. तुझं बघते आणि पळते."

पट्टा आवळला गेला. सिस्टरचं हसू हळूहळू उतरलं. तिनं हवा सोडली, पुन्हा भरली, पुन्हा पाहिलं. मग पायातल्या नव्या चपला काढून ठेवल्या.

हेडबाईला राहवलं नाही. "घाल त्या चपला! ढोंग आहे सगळं. बिनदोऱ्याचं मशीन मारत होती ती, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय!"

सिस्टरनं टेलरबाईकडे पाहिलं. "खरं?"

"हो."

"मागच्या वेळीपण?"

"हो."

"का गं?"

टेलरबाईनं दंडावरचा पट्टा सोडून त्याची घडी घातली. "तू गेलीस की मला करमत नाही," ती शेवटी म्हणाली.

"नातीचा पहिला दात हुकला माझा," सिस्टर हळू आवाजात म्हणाली. "पहिलं पाऊल हुकलं. रोज झोपताना वाटायचं, इलाज नाही, मैत्रीण आजारी आहे. आणि तुला करमत नव्हतं म्हणून?"

"मग जा ना आता तरी," हेडबाई म्हणाली. "गाडी मिळेल अजून."

"कशी जाऊ? खोटं चढवलं तरी चढलंय ते खरंच. या वयात असलं मशीन मारतं का कुणी?" सिस्टरनं डोळे पुसले. "उतरेपर्यंत थांबते. नियम आहे. पण माझ्याशी बोलू नकोस."

ती फ्रॉक घेऊन आतल्या खोलीत गेली. हेडबाई तिच्यामागे गेली. दार लागलं.

टेलरबाई एकटीच बसून राहिली. दाराकडे बघत. त्या दारातून आता 'गोळी घेतलीस का गं' असं कुणी ओरडेल, निदान रागानं तरी ओरडेल, म्हणून कान लावून. कुणी ओरडलं नाही.

फोन वाजला. तिनं नाव पाहिलं आणि उठून दुकानाच्या पायरीवर आली.

"थांबली का हो आई?"

"थांबली."

"सुटले बाई!" पलीकडून सिस्टरच्या लेकीनं मोठ्ठा श्वास सोडला. "पण पुढच्या खेपेला जरा आधी आजारी पडा ना, मावशी. ती तिकीट काढायच्या आत."