दोन येलिझावेतांच्या मधली जागा

"आई, पाहुणी आणलीये," लिझानं दारातूनच सांगितलं आणि बुटांवरचा बर्फ झटकायला लागली. "ही वेता. यारोस्लाव्हलहून एकाच बसनं आलो. पुढं हिच्या गावचा, चेरेपोवेत्सचा, रस्ता बर्फानं बंद झालाय, सगळ्या गाड्या इथंच थांबवल्यात. बिचारी बसस्टँडवर काकडत बसणार होती."

"मग दारात काय उभी केलीस? आत घे तिला," झोया म्हणाली आणि घरात घालायच्या सपाता पुढं सरकवल्या.

मुलगी लिझाच्याच वयाची, बारीक चणीची, नाक थंडीनं लाल झालेलं. सपातांत पाय सरकवत तिनं अदबीनं विचारलं, "तुम्हाला काय म्हणू मी?"

"झोया फिलिपोव्हना. तेवढं म्हणताना तोंड दुखलं तर झोया मावशी."

मोठ्या बाईला तिच्या बापाच्या नावासकट हाक मारायची, हे वळण पोरीला होतं. झोयाला बरं वाटलं. तिनं मात्र उलट विचारलं नाही. विशीतल्या पोरीच्या बापाचं नाव कोण विचारतं? वेता म्हणजे वेता.

स्वयंपाकघरात बटाटे उकडून झाले होते, खारातल्या काकड्या चिरायच्या होत्या. उद्या वर्षाचा शेवटचा दिवस. दोघी मुली न सांगता सुऱ्या घेऊन बसल्या.

"घरी कळवलंस?" झोयानं विचारलं.

"आईला फोन केला. ती नुसती उसासे टाकतेय. बाबाही आज पोचायचे होते, आता त्यांचंही काय होतंय कोण जाणे."

"वर्षाच्या शेवटी नवरा घरी येतोय? नशीबवान आहे तुझी आई. आमच्या साहेबांचा काल फोन आला, पाच तारखेपर्यंत सुटका नाही म्हणे."

ग्लेबची नोकरी तिकडं उत्तरेत, गॅसच्या विहिरींवर. एक महिना कामावर, एक महिना घरी, असं ठरलेलं. पण ते ठरलेलं ठरल्या जागी राहायचं. घरच्या महिन्यातले निम्मे दिवस वरिष्ठांनी थांबवून घेतलंय, विमान रद्द झालंय, बदली माणूस आजारी पडलाय यातच जायचे. वीस वर्षं झोयानं हा अर्धा संसार केला होता. आता मात्र तिचं ठरलं होतं. गावातल्या इंजिनांच्या कारखान्यात तिनं स्वतः खेटे घालून ग्लेबसाठी फोरमनची जागा धरून ठेवली होती. हो की नाही ते सुट्ट्यांच्या आधी, म्हणजे उद्या दुपारपर्यंत सांगायचं होतं, आणि तेही ग्लेबनं स्वतः जाऊन. तो आला नाही, तर जागा दुसऱ्याला जाणार आणि पुढची वीस वर्षंही तशीच जाणार. झोया रडत बसणाऱ्यातली नव्हती. काहीतरी होईल, आपण करू, असं तिनं सकाळपासून तीनदा स्वतःला बजावलं होतं.

"वेता म्हणजे स्वेतलाना का गं?" गाजर सोलता सोलता तिनं विचारलं.

"नाही, येलिझावेता. वर्गात तीन लिझा होत्या, म्हणून माझी शेपूट उरली, वेता."

लिझानं सुरी खाली ठेवली. "अगं, मीपण येलिझावेता. एवढा प्रवास सोबत केला आणि पत्ताच नाही."

"आमच्याकडं हे हिच्या बापाचं काम," झोया हसत म्हणाली. "मला इंगा ठेवायचं होतं. तो एकटाच जाऊन नोंदवून आला. आणि लाडानंसुद्धा कधी लिझा नाही, लिझोच्का नाही. अख्खी येलिझावेता."

"कोर्टात पुकारा होतो ना, तशी हाक मारतात," लिझा म्हणाली. "पण आई, तू उभी काय राहिलीस? मध्ये बस की!"

एका नावाच्या दोन माणसांच्या मध्ये बसून मनातलं मागितलं की ते मिळतं, हे काय झोयाला कुणी शिकवायला हवं होतं? दोन तामारांच्या मध्ये बसून तिनं लिझाला कॉलेजात जागा मिळवून दिली होती. दोन बोरीसांच्या मध्ये बसून वरच्या मजल्यावरच्या माणसाचा ट्रम्पेट कायमचा बंद पाडला होता. हा उपाय तिचा कधी फसला नव्हता. तिनं हात पुसले आणि खिडकीखालच्या अरुंद बाकावर दोघींच्या मध्ये स्वतःला कोंबून बसवलं.

"नीट मागा, मावशी," वेता म्हणाली. "अर्धवट मागाल तर अर्धवट मिळेल."

"मला शिकवतेस? गप्प बसा दोघी."

तिनं दोघींचे हात धरले, डोळे मिटले. ग्लेबला आज घरी येऊ दे. आजच्या आज, याच दारातून. आणि पुन्हा या घरातनं त्याला कुठं जायची सोय राहू नये.

"काय मागितलंस?" लिझानं विचारलं.

"सांगितलं की वाया जातं. चला, काकड्या घ्या."

पण काकड्या घ्यायला कुणी उठायच्या आतच बाहेरच्या दारात किल्ली फिरली. पायपुसण्यावर बूट आपटले गेले, आधी दोनदा, मग एकदा. वीस वर्षांत तो आवाज झोयाला पाठ झाला होता. आला! पाच तारीख नाही नि काही नाही, आज आला. उद्या सकाळी धरून कारखान्यात नेते त्याला. आनंदानं तिचे डोळे भरून आले, आणि बाकावर अशी घट्ट बसलेली की उठायला जागा नाही. तिनं दोघींचे हात आणखीच आवळले.

"पाहिलंत?" ती कुजबुजली. "याला म्हणतात मागणं."

पॅसेजमध्ये बॅग धपकन खाली ठेवल्याचा आवाज आला. पाठोपाठ ग्लेबनं नेहमीसारखी खणखणीत हाक मारली, "येलिझावेता!"

"आले, बाबा," झोयाच्या डावीकडून आणि उजवीकडून एकदमच उत्तर गेलं.