वहीत शून्य

“उपट म्हटलं ना! मुळासकट मोजायचंय.”

विज्ञानाच्या सरांनी पट्टी पुढे केली. टिकली जागची हलली नाही. शाळेच्या बागेतल्या तिच्या ओळीत घेवड्याची सहा रोपं वीतभर उंच उभी होती. बाकीच्या सात मुलांच्या ओळींत नुसती माती.

माती तरी किती सुरेख! तीन आठवडे रोज उकरून उकरून अगदी चाळल्यासारखी भुसभुशीत झालेली. सरांचा नियमच होता तसा. पहिल्या तासाआधी प्रत्येकानं आपलं बी उकरून काढायचं, पुसायचं, पट्टीनं मोजायचं, वाढ वहीत लिहायची आणि बी परत पुरायचं. जो मोजणार नाही, त्याची ओळ दुसऱ्याला. पोरं बिचारी इमानेइतबारे मोजत राहिली. बियांनी शेवटी हाय खाल्ली.

टिकलीनंही तीन दिवस मोजलं. चौथ्या दिवशी उकरून बघते तर बी फुगून फुटलेलं, आणि आतून पांढरं टोक डोकावत होतं. तिला एकदम लाजल्यासारखं झालं, कुणी अंघोळ करत असताना आपण दार उघडावं तसं. तिनं घाईघाईनं माती सारली आणि वहीत ठोकून दिलं, वाढ शून्य. तेव्हापासून रोज शून्य. रोपं वर आली तशी तिनं वर पालापाचोळ्याचा ढीग घातला आणि विचारणाऱ्याला खत म्हणून सांगितलं. आज नेमका वारा सुटला आणि बिंग फुटलं.

“वहीत शून्य आणि इथे वीतभर!” सर कडाडले. “आता वही खरी धरू की हे?”

ओळ गेली तर जाऊ दे, पण रोपं मरणार या विचारानं टिकलीला रडूच फुटलं.

“सर,” ती हुंदके देत म्हणाली, “वरूनच मोजा ना.”

सर थबकले. त्यांनी रोपाकडे पाहिलं, मग पट्टीकडे पाहिलं. तीन आठवड्यांत हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं, त्यांच्याही नाही. ते गुडघ्यांवर बसले आणि पट्टी हळूच मातीला टेकवली. वीस सेंटीमीटर.

“अरेच्चा,” सर म्हणाले. त्यांचा आवाज एवढासा झाला होता.

मधल्या सुट्टीत सात जणांना नवं बी मिळालं. सरांनी स्वतःसाठीही एक ओळ आखून घेतली आणि त्यात मोजून सहा बिया पुरल्या. मग खुरप्यांच्या कपाटाला कुलूप घालून त्यांनी किल्ली टिकलीच्या हातात ठेवली.

“कोंब वर येईपर्यंत कुणी माती उकरायची नाही. किल्ली कुणालाही द्यायची नाहीस. अगदी मी मागितली तरी.”

टिकलीनं डोळे पुसत मान डोलावली.

शाळा सुटायच्या आत सरांनी ती चारदा मागितली.