फीची व्याख्या

सरकारी कॉलेजात शिकवण्याची फी माफ होती, पण तेवढेच पैसे दुसऱ्या नावांनी उकळले जायचे. फी म्हणजे काय ते कायद्यात नीट लिहा, असं ओरडत पोरी फाटकावर चढल्या आणि पोलिसांनी त्यांना अक्षरशः झोडपून काढलं. एकीचा जबडा मोडला. नुकतीच बारावी झालेल्या एकीच्या डोक्यात लाठी बसली, रक्त डोळ्यांत उतरलं, तरी तिने फाटकाचा गज काही सोडला नाही. का सोडेल? बाबा नेहमी म्हणायचे, "चिमणे, फी परवडली असती ना, तर तुला वाजतगाजत कॉलेजात नेलं असतं गं!"

शेवटी सरकार नमलं. डोक्याला टाके घातलेले, तरी ती धावतच घरी आली. बाबा टेबलफॅन खोलून बसले होते.

"बाबा, कायदा झाला! कॉलेज ज्या नावाने पैसे मागेल ती फीच, आणि आपल्यासारख्यांना फी शून्य!"

"प्रयोगशाळेचे पैसे?"

"तेपण फीच!"

"परीक्षेचे?"

"फीच हो!"

"आणि लायब्ररी, बस?"

"तेही धरलंय त्यात. आता सांगा, काय उरलं?" ती हसत सुटली.

बाबांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि उठून दाराला आतून कडी घातली.



तिची वेणी मनगटाला गुंडाळून त्यांनी तिचं डोकं भिंतीवर आपटलं आणि शांतपणे म्हणाले, "आता खरं कारण ऐक."