खालचा थर

“शून्य?”

अनुजाने स्क्रीनवरचा रिपोर्ट पुन्हा वाचला. कालपर्यंत तीन गंभीर दोष दाखवणारं सॉफ्टवेअर आज एकदम धुतल्या तांदळासारखं झालं होतं.

तिच्या शिपिंग कंपनीच्या जहाजांवर इंजिनरूमचे अलार्म सांभाळणारं ते सॉफ्टवेअर होतं. बाहेरची एक छोटी कंपनी ते बनवायची आणि दर नवी आवृत्ती ‘कंटेनर इमेज’ नावाच्या सॉफ्टवेअरच्या बंद गाठोड्यात भरून पाठवायची. इमेज म्हणजे एकावर एक कप्पे असलेल्या जेवणाच्या डब्यासारखी, थरावर थर. आत कुठली पॅकेजेस, म्हणजे सॉफ्टवेअरचे तयार तुकडे, आहेत त्याची यादी स्कॅनर वाचायचा आणि कुठल्या पॅकेजमध्ये सुरक्षेला भोक आहे ते सांगायचा. अनुजाच्या मंजुरीशिवाय काहीही जहाजावर जात नसे. काल सापडलेल्या भोकांतून बाहेरचा कुणीही आत शिरून अलार्म मुके करू शकला असता, तेही भर समुद्रात, खाली माणसं काम करत असताना.

तिने त्या कंपनीच्या इंजिनियरला, श्रीनिवासला, मोबाइलवर मेसेज टाकले होते. उत्तर एकाचंही नव्हतं. फोन मात्र आला, त्याच्या ऑफिसच्या नंबरवरून.

“मॅडम, रिपोर्ट क्लीन आहे ना? मग मंजुरी देऊन टाका.” त्याचा आवाज घुमत होता. मागे कुणीतरी खोकलं.

“एका रात्रीत तीन दोष गेले कुठे?”

“यादी बघा ना. तिन्ही दोष ज्यात होते ते पॅकेज यादीत नाहीच आता.”

“यादीतून गेलं, की इमेजमधून गेलं?”

“तुम्ही यादीच बघा, मॅडम. खालच्या थरात वगैरे शिरू नका. उगाच वेळ जाईल.”

अनुजाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आपलं काम आता हा शिकवणार!

फोन ठेवला तर तिचा बॉस टॅन कोपीचा, इथल्या दाट कॉफीचा, कप घेऊन उभा. “झीरो म्हणजे झीरो, लाह,” तो इथल्या ढंगात म्हणाला. “साइन कर. जहाज संध्याकाळी सुटतंय.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “पुढच्या महिन्यात तुझा वर्क पास रिन्यू व्हायचाय. ड्रामा नको.”

हे त्याने सांगायची गरज नव्हती. नवरा आणि मुलगा यश, दोघंही तिच्याच नोकरीच्या पासवर इथे परदेशात राहत होते. पास गेला की सेंगकांगचा फ्लॅट, यशची शाळा, सगळं गुंडाळून परत पुण्याला. गेला आठवडाभर तिला त्या विचाराने झोप नव्हती.

जेवणानंतर पुन्हा श्रीनिवास. पुन्हा तोच घुमणारा आवाज.

“मॅडम, पाया पडतो तुमच्या. झाली का मंजुरी?”

“नाही.”

“खालचा थर उघडला नाहीत ना? नका उघडू. काही नाहीये तिथे, खरंच सांगतो.”

काय बावळट माणूस आहे, अनुजाच्या मनात आलं. लपवायची जागा स्वतःच बोट करून दाखवतोय. तिने फोन तसाच कानाशी धरला आणि इमेज थराथराने उलगडायला घेतली. अगदी खाली ते पॅकेज होतं तिथेच, होतं तसंच बसलेलं. नव्या आवृत्तीतले अलार्म अजूनही त्याच्यावरच चालत होते. फक्त यादीतून त्याचं नाव पुसलं होतं. डब्यावरचं लेबल खरवडलं म्हणून आतला किडका रवा थोडाच चांगला होतो?

“सापडलं,” ती म्हणाली.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग दुसराच आवाज आला, मधाळ. श्रीनिवासचे मालक, निशिकांत.

“अनुजाताई, अहो, मंडळाच्या गणपतीत एका पंगतीला बसतो आपण. मराठी माणसानंच मराठी माणसाचा गळा कापायचा का?”

“त्या जहाजावर खाली काम करणाऱ्यांनाही गळा आहे, निशिकांतराव.”

मध आटला. “तुमच्या डायरेक्टरांशी माझी चांगली ओळख आहे. एक फोन केला ना, तर सामान बांधायला लागाल.”

“करा. नंबर नसेल तर मी देते.”

फोन बंद झाला. तिला भीती वाटत होती आणि भीतीहून जास्त चीड आली होती. तिने मंजुरी नाकारली, पुराव्यासकट सगळं लिहिलं आणि थेट डायरेक्टरला पाठवलं.

टॅनचा चेहरा पडला. “पासचा विचार केलास?”

“केला. ठेवा नाहीतर काढा. माझ्या सहीने हे जहाजावर जाणार नाही. एवढा धडधडीत खोटेपणा, तो मी एकटीने पकडलाय.”

जहाज जुन्याच, आधी तपासलेल्या अलार्म सॉफ्टवेअरवर सुटलं. डायरेक्टरचं उत्तर आलं नाही. संध्याकाळी सेंगकांगला घरी जायच्या एलआरटी ट्रेनमध्ये चढताना अनुजाला पुढच्या महिन्याचं काहीच ठाऊक नव्हतं, पण मान ताठ होती.

तेवढ्यात फोन वाजला. श्रीनिवास. या वेळी मोबाइलवरून.

“नोकरी गेली माझी, मॅडम. तोंड सांभाळता येत नाही म्हणे.”

त्याचाही पास असणार, घर असणार. पण ती बधली नाही. “वाईट वाटतं, श्रीनिवास. तरी मी नकार मागे घेणार नाही. आणि नशीब जहाजावरच्यांचं, की तुम्हाला खोटं धड लपवताही आलं नाही.”

पलीकडे तो हसला. त्याचा आवाज आता जराही घुमत नव्हता.

“मोबाइल आत्ता परत मिळाला, मॅडम. सकाळीच काढून घेतला होता. दिवसभर साहेबांच्या केबिनमध्ये, ते समोर बसलेले, फोन स्पीकरवर. ‘खालचा थर बघा’ हे मी आणखी कसं सांगायचं होतं?”