ठिपका नसलेली रेषा

“दोनच विती खाली घ्यायचीय, काका. कुणाच्या लक्षातही येणार नाही.”

पेंटरकाकांनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला. व्यापारी मंडळाचा अध्यक्ष त्यांच्या डोळ्यांसमोर वाढलेला, त्यामुळे त्याला झापायला त्यांना काही वाटायचं नाही. शुक्रवारी नदीकाठच्या हॉटेलसाठी जागा बघायला माणसं येणार होती. बाजाराच्या तोंडाशीच खांद्याएवढी निळी रेषा आणि शेजारी ‘महापुराचं पाणी इथवर’ असं दिसलं, तर ती आल्या पावली परत जातील, असं त्याचं म्हणणं.

“पाणी काय तुला विचारून चढलं होतं?” काका म्हणाले. “आलं तिथवर आलं.”

पंचावन्न वर्षं ही रेषा दर साली पुराच्या दिवशी नव्याने रंगवली जात होती. आधी अण्णा, म्हणजे काकांचे वडील, रंगवायचे; नंतर काका. काय दिवस असायचा तो! रंग वाळला की गल्लीतली झाडून सगळी पोरं भिंतीला पाठ लावून उभी राहायची. डोकं रेषेखाली राहिलं तर ‘बुडाला रे बुडाला’, वर गेलं की ‘तरला’. तरलेल्याला किराणावाला मूठभर लिमलेटच्या गोळ्या द्यायचा. हा अध्यक्षही एका वर्षी टाचा उंचावून तरला होता आणि पकडला गेला होता. तो दिवस पुरात गेलेल्यांच्या आठवणीचा, पण पोरांच्या हसण्याने गल्ली भरून जायची. मोठ्यांनाही त्यात बरं वाटायचं.

काकांच्या घरी मात्र त्या दिवशी ताईचा विषय निघायचा. पुरात गेली तेव्हा ताई पंधरा वर्षांची होती, उंच, शिडशिडीत. काका चार वर्षांचे. आई मामाकडे गेलेली, अण्णा गावाबाहेर कामावर. घरात ही दोघंच. काकांना एवढंच आठवायचं: वरच्या मजल्याच्या खिडकीचे गज, आणि तळपायांखाली ताईचे घट्ट हात. वरच्या बिऱ्हाडातल्या कुणीतरी त्यांना आत ओढून घेतलं. खाली पाहिलं तर नुसतं गढूळ पाणी.

“तिच्या खांद्याला लागते ही रेषा,” आई म्हणायची. “नुसती उभी राहिली असती तरी वाचली असती. पाय घसरला असणार. वेंधळीच माझी पोर.” मग ती ताईने फोडलेल्या कपबश्या एकेक करून आठवायची, हसायची, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांना धार लागायची. अण्णा तेवढ्यात पायांत चपला सरकवून बाहेर पडलेले असायचे. आई मरेपर्यंत हेच म्हणत राहिली.

“माझी ताई या पाण्यात गेलीय,” काका आता अध्यक्षाला म्हणाले. “ही रेषा बोटभरही हलणार नाही.”

आवाज चढले तसे समोरच्या दुकानातून चावीवाले आजोबा काठी टेकत आले. नव्वदी ओलांडलेले. पूर डोळ्यांनी पाहिलेलं गल्लीतलं हे शेवटचं मोठं माणूस. भांडण मिटावं, एवढाच त्यांचा हेतू.

“अरे, एवढं काय ताणतोस? मागेही एकदा, पुराच्याच साली, खाली आणलीच होती की. तुझी आई तेव्हा दुःखाने घराबाहेरही पडत नव्हती. पाण्याच्या धास्तीने घाऊकवाले माल पाठवेनात, बाजार बसायची वेळ आली. सगळी गल्ली अण्णांच्या हातापाया पडली. तेव्हा त्यांनीच खऱ्या रेषेवर चुना फासला आणि ही काढली.”

“काहीतरीच काय आजोबा!” काका हसले.

पण हसू ओठांवर टिकलं नाही. अण्णा प्रत्येक कामाच्या डाव्या टोकाला एक बारीक लाल ठिपका द्यायचे. तीच त्यांची सही. दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, शाळेच्या भिंतीवरचे नकाशे, ठिपक्याशिवाय त्यांचं काम नव्हतं. फक्त या रेषेला तो नव्हता. दुःखाच्या भरात राहून गेला असेल, असं काका आजवर समजत आले होते.

त्यांनी शिडी लावली आणि लोखंडी पट्टीने रेषेच्या वरची भिंत खरवडायला घेतली. पांढरा, पिवळा, पुन्हा पांढरा. रंगाचे पापुद्रे अध्यक्षाच्या बुटांवर पडत होते. शेवटी जाड चुना निघाला आणि त्याखाली निळं दिसलं. काका ओल्या फडक्याने पुसत पुसत डावीकडे गेले. टोकाला लाल ठिपका होता.

अण्णा दर वर्षी घराबाहेर का पडायचे, ते त्यांना आज कळलं. राग अण्णांचा आला, गल्लीचा आला, मूठभर गोळ्यांसाठी त्या रेषेखाली हसलेल्या स्वतःचाही आला.

ते खाली उतरले आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले, लहानपणी राहायचे तसे. ताईएवढीच त्यांची उंची भरली होती, आई नेहमी सांगायची. वरची रेषा डोक्याच्याही दीड वीत वर होती. त्यांनी दोन्ही हात उंच केले, तळवे आभाळाकडे धरले. मनगटं रेषेखालीच राहिली. वर आले ते फक्त तळहात.

“आई,” काका म्हणाले, “ताई उभीच होती गं. पाण्याखाली उभी होती.”