वर्तुळाचा कप्पा

“महिनाअखेरपर्यंत माल हलला नाही, तर या कप्प्यात साबण लावायचे,” मॅनेजर म्हणाला.

चिमणी स्टुलावरून खाली उतरली. उंची बेताची, म्हणून अख्खं दुकान तिला चिमणीच म्हणे.

“मग मास्तरांनी काय खायचं?”

“एका माणसासाठी कप्पा अडवून ठेवू? कोशर पाळणारं या भागात आता उरलंय कोण?”

त्या कप्प्यातल्या प्रत्येक पाकिटावर नखाएवढं वर्तुळ होतं आणि वर्तुळात एक अक्षर. कारखान्यातली भांडी, तेलं, पीठ सगळं कुणीतरी जाऊन तपासलंय, ज्यू लोकांच्या खाण्याच्या नियमात ते बसतं, अशी ती खूण. वर्तुळाशेजारी आणखी एक अक्षर असेल तर आत दूध आहे. दूध आणि मांस एका जेवणात चालत नाही, म्हणून ते वेगळं सांगायचं. कामाच्या पहिल्याच दिवशी मॅनेजरनं तिला या खुणांचा कागद दिला होता. तिनं तो पाढ्यांसारखा पाठ केला. सगळी पाकिटं ती खूण पुढे येईल अशी लावायची.

मास्तर पहिल्यांदा आले त्याला दोन वर्षं झाली. शाळेतून निवृत्त झालेले, डोक्यावर लोकरीची गोल टोपी, खिशात भिंग. वर्तुळावर भिंग धरून त्यांनी विचारलं होतं, “हे काय आहे, सांग पाहू?”

मास्तर लोक उत्तर माहीत असलेलेच प्रश्न विचारतात, हे चिमणीला शाळेपासून ठाऊक. तिनं हाताची घडी घालून घडाघडा सांगितलं.

“शाब्बास! आणि शेजारचं अक्षर?”

तेही तिनं सांगितलं. मास्तरांनी मान डोलावली. “किती मनापासून सांगतेस गं! आजपासून तू माझी विद्यार्थिनी.”

तेव्हापासून दर आठवड्याला ते येत आणि त्याच कप्प्यातलं घेत. शेवया, जॅम, कडक खारी बिस्किटं. भर उन्हाळ्यातसुद्धा टोपी डोक्यावरून उतरत नसे. शनिवारी तर ते कधीच फिरकत नसत. शनिवारी चिमणीची सुट्टी, आईला दवाखान्यात न्यायचं असे. पण तिनं दुकानातल्याच बेकरीवाल्या काकूंना मुद्दाम विचारलं होतं.

“शनिवारी? छे! दोन वर्षांत एकदाही नाही.”

शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा वार, एवढं तिला माहीत होतं. पण धर्माचं कुणाला तोंडावर विचारू नये, असं आईनं शिकवलेलं. मास्तरही त्या विषयावर कधी बोलले नाहीत.

साबणाची बातमी तिनंच त्यांना दिली. मास्तरांच्या हातातलं भिंग खाली आलं.

“कप्पा बंद? अगं, मग खायचं काय माणसानं?”

“तेच म्हणते मी.”

मास्तर क्षणभर तिच्याकडे बघत राहिले. बेकरीतलं पीठ केसांत बसतं म्हणून ती डोक्याला रुमाल बांधायची, तो नीट करत ती म्हणाली, “माल हलला तर राहील म्हणे.”

“असं होय!” म्हणत मास्तरांनी दुसरी पिशवी उघडली.

त्या दिवसापासून घरी जाताना चिमणीही दोन पाकिटं घेऊ लागली. तिची लेक वैतागली.

“आई, पुन्हा हीच बिस्किटं? यापेक्षा खोका चावू का?”

“खा गं मुकाट्यानं. एका म्हाताऱ्या माणसाच्या जेवणाचा प्रश्न आहे.”

“मग त्यांनाच दे ना माझी!”

महिनाअखेरीला मॅनेजरनं अर्धा रिकामा कप्पा पाहिला आणि डोकं खाजवलं. “राहू दे बाई. साबण तिकडे मागे लावू.”

चिमणीला ही बातमी मास्तरांना कधी सांगते असं झालं. पण मास्तर आलेच नाहीत. तो आठवडा गेला, पुढचाही गेला. काकूंनी खबर आणली, की मास्तरांचा पाय मुरगळलाय.

शनिवारी ती मोकळी होती. पण त्यांच्या विश्रांतीच्या दिवशी त्रास नको म्हणून ती रविवारी गेली. रुमाल न बांधता, केस नीट विंचरून, हातात पिशवी. आतल्या प्रत्येक पाकिटावरची खूण तिनं दोनदा तपासली होती.

दार सुनेनं उघडलं.

“मी मास्तरांची विद्यार्थिनी.”

“या ना! बाबांचा आत्ताच डोळा लागलाय. अशा स्वयंपाकघरातच या, माझं गॅसवर आहे.”

तव्यावर मांस परतत होतं. सुनेनं बोलता बोलता लोण्याचा मोठा गोळा त्यावर सोडला. तो चर्र करत वितळला. चिमणी बघतच राहिली.

“हे... मास्तरांसाठी?”

“हो, लोणी कमी पडलं तर ताटावरून उठतील! काय आणलंत? कशाला उगाच...” सुनेनं पिशवीत डोकावलं आणि कपाळावर हात मारला. “अरे देवा, तुम्हीपण?”

तिनं कोपऱ्यातलं कपाट उघडलं. वरून दोन पाकिटं घरंगळत चिमणीच्या पायाशी आली. आत खालपासून वरपर्यंत शेवया, जॅम, खारी बिस्किटं. सगळी न फोडलेली आणि सगळ्यांची वर्तुळं पुढे.

“आमच्याकडे कुणी तोंड लावत नाही हो याला,” सून पाकिटं उचलत म्हणाली. “पण बाबा ऐकतील तर शपथ! म्हणतात, दुकानात एक पोर आहे, डोक्याला रुमाल बांधते, शनिवारी कामाला येत नाही, फार मनापासून पाळते बिचारी. तो कप्पा बंद झाला, तर ती खाईल काय?”