बॅटरी सुधारेपर्यंत

“पुढच्या वर्षी नव्या पिढीची बॅटरी येतेय,” हर्षद म्हणाला आणि त्याने अर्ज बायकोकडे, सुप्रियाकडे, परत सरकवला.

“मागच्या वर्षीही येत होती.”

“ती आली.”

“मग?”

“आता तिच्यापेक्षा चांगली येतेय.”

सुप्रियाने अर्ज उचलला नाही. ती गवार मोडत राहिली.

हर्षद खोपोलीच्या एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होता. इलेक्ट्रिक गाडीसाठी त्याने वेगळी वही केली होती. एका चार्जिंगमध्ये किती अंतर, उन्हाळ्यात किती घट, आठ वर्षांनी बॅटरीत किती जीव उरतो, सगळं रकान्यांत मांडलेलं. आकडे खरे होते. दर वर्षी थांबण्याचा फायदा त्या वहीत स्वच्छ दिसत होता. लॅबमधल्या तिघांनी त्याचा सल्ला घेऊन गाड्या घेतल्या. तो मात्र चार वर्षं भिसेगावच्या घरून कामावर मोटरसायकलनेच जात होता.

“तुमची बॅटरी दर वर्षी सुधारतेय,” सुप्रिया म्हणाली. “तुम्ही कधी सुधारणार? शेजारच्या दारातून एक सही आणायचीय. चंद्रावर नाही जायचंय.”

 अडचण नेमकी तीच होती.

घरी गाडी चार्ज करायची तर विजेचा जादा भार मंजूर करून घ्यावा लागणार होता. मीटर वारलेल्या वडिलांच्या नावावर होतं आणि वारस दोन. एकाने अर्ज करायचा तर दुसऱ्याची संमती हवी. दुसरा म्हणजे थोरला भाऊ साईनाथ. घराच्या मधोमध भिंत घातली तेव्हा सगळ्याचे दोन भाग झाले, मीटर तेवढं एक राहिलं. त्याच वर्षी गणपती कुणाच्या भागात बसवायचा यावरून दोघांत वाद झाला. साईनाथ म्हणाला, थोरल्याकडे. हर्षद म्हणाला, जिकडे देव्हारा आहे तिकडे, म्हणजे माझ्याकडे. शेवटी हर्षदने शिळफाट्याच्या बाजारातून दुसरी मूर्ती आणली. तेव्हापासून भिंतीच्या दोन्ही अंगांना एकाच वेळी आरती होत होती आणि भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते.

त्याने अर्ज उचलला. बाहेर पडला. शेजारचं दार चौदा पावलांवर होतं. ते उघडंच होतं.

साईनाथ जमिनीवर बसून एका गोणीचं तोंड सुतळीने बांधत होता. भिंतीकडेला आणखी सात-आठ गोण्या होत्या. गणपतीआधीची आवराआवर असावी, असं हर्षदला वाटलं.

“ये रं,” साईनाथ म्हणाला. जणू कालच भेटले होते.

“आज वाट चुकला वाटतं भावजी,” आतून जनावहिनी म्हणाली. पण चहाचं आधण चढवल्याचा आवाजही आला.

हर्षदने अर्ज पुढे केला. साईनाथने वरच्या दोन ओळी वाचल्या, उठला आणि कपाटावरून प्लॅस्टिकची एक पिशवी काढून आणली. तिच्यात संमतीपत्र होतं. खाली साईनाथची मोठ्या अक्षरांतली सही. तारीख चार वर्षांपूर्वीची.

“गल्लीतले पोपटकाका बोलले व्हते, तू करंटवाली गाडी घेतोयस म्हनून. म्हटलं, करून ठेवावं. तू येशील तवा खोळंबा नको. माझा टेंपो पन तवापासनं रस्त्यावर लावतोय. तुझ्या गाडीला अंगनात जागा नको?”

हर्षदला ते आठवत होतं. टेंपो एका सकाळी अंगणातून नाहीसा झाला आणि पुढचे चार पावसाळे रस्त्याकडेला भिजत राहिला. भावाला आपल्याबरोबर अंगणसुद्धा नको झालंय, असा अर्थ त्याने त्या दिवशीच लावला होता. त्यानंतर तो तपासून पाहिला नव्हता.

चहा आला. तो घेताना काहीतरी बोलायचं म्हणून त्याने विचारलं, “आवराआवर यंदा लवकर काढलीस?”

“आवराआवर कसली. खालापूरला चाललोय राह्यला. टोलनाक्याजवळ दोन खोल्या घेतल्यात भाड्यानं. माझ्या टेंपोचा सगळा माल तिकडचाच. रोजची ये-जा परवडत नाय.”

“एवढ्यासाठी घर सोडतोयस?”

साईनाथने सुतळीची गाठ घट्ट ओढली. उत्तर जनावहिनीने दिलं.

“एवढ्यासाठी नाय, भावजी. तुमी गाडी घेईनात. पयल्या वर्सी वाटलं, घेतील. दुसऱ्या वर्सी वाटलं, घेतील. मग यांनी मनाशी धरलं. आपल्या दारात लावायची नसंल त्याला, आपली सही पन नको असंल. म्हनले, आपन हाय तवर तो गाडी घ्यायचा नाय. आपनच बाजूला हू.”

हर्षदने कप खाली ठेवला. मला यायची लाज वाटत होती, दादा. हर्षदच्या मनात वाक्य पूर्ण तयार होतं. सहाच शब्द होते.

“तसं नाही, दादा,” तो म्हणाला. “मी चांगल्या बॅटरीची वाट बघत होतो.”

साईनाथचा चेहरा मोकळा झाला. धाकटा भाऊ शिकलेला होता. तो म्हणतोय म्हणजे तसंच असणार.

“असं व्हय! मग थांब की अजून,” तो म्हणाला. “जायच्या आधी मीटर तुझ्या एकट्याच्या नावावर करून देतो. म्हंजे परत सही मागायला तुला कोनाच्या दारात यायला नको.”